दसरा ते वसुबारस: दिवसा धबधबा, रात्री तारे (खानापूर, जांबोटी, गोकाक, सौंदत्ती)

जांभादगड

नमस्कार मंडळी.

धबधबा आणि तारे हे दोन्ही छंद एकाच फेरीत जमवायचे तर आपल्या बेळगाव भागात वर्षातले फार थोडे दिवस हाती लागतात. जून ते सप्टेंबर पाणी भरपूर, पण आभाळ बंद. डिसेंबरनंतर आभाळ लख्ख, पण खानापूरकडच्या बऱ्याच ओढ्यांत नुसते ओले खडक उरतात. मधला काळ म्हणजे दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा.

त्यातही सगळे दिवस सारखे नाहीत. दसऱ्याला शुक्ल दशमी, म्हणजे चंद्र मध्यरात्रीनंतरही वर असतो. कोजागिरीला रात्रभर चांदणं, त्यात ठळक तारे सोडले तर बाकीचे सगळे बुडतात. लक्ष्मीपूजनाला अमावास्या खरी, पण फटाक्यांचा धूर खाली बसून राहतो आणि गावोगाव दिवे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आश्विन वद्य अष्टमी ते वसुबारस हे दिवस राखून ठेवावेत. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यात येते, कधी नोव्हेंबरच्या मध्यात. लवकर आली तर धबधब्यांना पाणी जास्त आणि परतीच्या पावसाचे ढगही जास्त. उशिरा आली तर नेमकं उलट.

दुसरा नियम जागेचा. धबधबा दिवसा बघायचा आणि चारच्या आत तिथून निघायचं. रात्र उघड्या माळावर काढायची. धबधब्यापाशी रात्रीचा मुक्काम नको. घळीतून आभाळाचा लहान तुकडाच दिसतो, तुषारांनी काचा ओल्या होतात, पाण्याच्या आवाजात जनावराची चाहूल लागत नाही, आणि वर पाऊस झाला तर अंधारात पाणी वाढलेलं कळत नाही.

पश्चिमेला जांबोटी-कणकुंबी-चोर्ला पट्ट्यात जांभा आणि काळा दगड, घनदाट रान. पूर्वेला गोकाकच्या बाजूला थरांचा वालुकाश्म, उघडे माळ, पाऊस कमी. त्यामुळे दोन्हीकडचे धोके वेगळे आणि तयारीही वेगळी. जाणकारांनी आपापल्या भागाची नेमकी माहिती इथे टाकावी.

घटप्रभाकाठ

गोकाकचं लिहितो. घटप्रभेचा हा धबधबा साधारण ५२ मीटर एका उडीत पडतो, कडा घोड्याच्या नालासारखा वळलेला. इथे १८८७ मध्ये पाण्यावर वीज तयार झाली. पण लोक एक गोष्ट विसरतात. इथलं पाणी आकाशातल्या पावसावर कमी आणि माणसाच्या हातावर जास्त चालतं. वर हिडकल धरण आहे, त्याच्या खाली धुपदाळचा बंधारा. बंधाऱ्यातून कालव्याला पाणी वळलं की धबधब्याला उरतं ते उरतं. ऑक्टोबर अखेरीस गोकाकला जायचं असेल तर आधी पेपरात हिडकलच्या विसर्गाचा क्युसेकचा आकडा बघा. विसर्ग बंद असेल तर कडा जवळजवळ कोरडा मिळेल. विसर्ग सुरू असेल तर पाणी गढूळ लाल आणि जोरदार. पुरात झुलता पूल बंद ठेवतात, तेव्हा रखवालदाराशी वाद घालू नये.

काठाचा खडक सपाट दिसतो, म्हणून लोक कडेपर्यंत जातात. वालुकाश्माचे थर खालून पोखरले जातात आणि वरची फळी अधांतरी राहते. वरून ते कळत नाही. कडेपासून निदान चार-पाच मीटर मागे राहा. आडवं झोपून खाली डोकावणंही नको, कारण वजन शेवटी त्याच फळीवर पडतं.

गोडचिनमलकी मार्कंडेय नदीवर आहे. दोन टप्पे आहेत, पहिला सुमारे २५ मीटर, दुसरा सुमारे २०. फोटोत जो रुंद पायऱ्या-पायऱ्यांचा देखावा येतो तो हाच. इथेही वर शिरूरला धरण आहे. दोन टप्प्यांच्या मधल्या सपाट दगडावर बसून डबा खायची लोकांना सवय आहे, आणि विसर्ग सुटला की नेमका तोच दगड आधी पाण्याखाली जातो. बसायचं तर काठाच्या वरच्या बाजूला, जिथे गवत मुळासकट उभं आहे अशा जागी. गवत एका दिशेला झोपलेलं असेल, झुडपांत काड्या-पाला अडकलेला असेल, तर तिथवर पाणी येऊन गेलंय असं समजा.

नवखा_निपाणी

माहिती छान मिळतेय. दोन शंका. चंद्र किती वाजता उगवणार हे दर वेळी मोबाईलवर बघावं लागतं का? आणि दुर्बीण घ्यायची की टेलिस्कोप?

रोहिणीशकट

निपाणीकर, घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर पुरेसं आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो. पुढे रोज सरासरी ५० मिनिटं उशीर धरा. संकष्टीचा चंद्रोदय कॅलेंडरात छापलेलाच असतो, या दिवसांत साधारण साडेआठच्या आसपास. तिथून मोजलं की वद्य अष्टमीला चंद्रोदय मध्यरात्रीच्या जवळ येतो. म्हणजे अष्टमीपासून पुढे संध्याकाळचे चार-साडेचार तास पूर्ण अंधार. अमावास्येनंतर उलटा हिशेब, चंद्र संध्याकाळीच दिसतो आणि लवकर मावळतो. शुक्ल चतुर्थीला तो नऊच्या सुमाराला जातो.

सूर्यास्त झाला की लगेच तारे मोजायला लागू नका. या दिवसांत सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे-मागे होतो आणि खरा अंधार त्यानंतर सव्वा तासाने होतो. डोळे सरावायला आणखी २० ते ३० मिनिटं लागतात. मधेच कुणी मोबाईलचा पांढरा उजेड डोळ्यांवर टाकला तर ती २० मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. बॅटरीच्या तोंडावर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर रबराने बांधा. एका थरातून पांढरट उजेड गळतो, म्हणून दोन तरी हवेतच. मोबाईलच्या नकाशा-ॲपमध्ये रात्रीचा लाल पडदा असतो तो लावा आणि उजेड सगळ्यात कमी ठेवा.

दुर्बीण की टेलिस्कोप, याला उत्तर एकच: आधी दुर्बीण. १० बाय ५० किंवा ७ बाय ५०. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलीमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते, १० बाय ५० ला ५ मिलीमीटर. "३० बाय ६०", "५० पट झूम" असं लिहिलेल्या दुर्बिणी घेऊ नका. इतकी पट हातात स्थिर राहत नाही आणि चित्र अंधुक होतं.

टेलिस्कोपचं एवढंच सांगतो. काचेचा व्यास मिलीमीटरमध्ये जेवढा, त्याच्या दुप्पट ही उपयोगी पटीची वरची मर्यादा. ७० मिलीमीटरच्या खोक्यावर ५२५ पट लिहिलं असेल तर तो आकडा कामाचा नाही. तिकाटणं डुगडुगत असेल तर आरसा कितीही चांगला असो, उपयोग होत नाही.

अनगोळची_सुमा

रोहिणीशकट, दुर्बीण जुळवण्याची पद्धतही सांगा ना. बऱ्याच जणांना दोन-दोन तारे दिसतात आणि ते दुर्बीणच खराब म्हणून कपाटात टाकतात.

रोहिणीशकट

ताई, महत्त्वाचं विचारलंत. क्रम असा ठेवा.

१. दोन नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होऊ द्या.
२. उजव्या बाजूला पुढून झाकण लावा. एखादा मध्यम तारा डाव्या डोळ्याने बघत मधलं चाक फिरवा, तारा टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत.
३. आता झाकण डाव्या बाजूला. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तोच तारा टोकदार करा. त्या कडीवरचा आकडा लक्षात ठेवा, तो तुमच्या डोळ्यांचा. यापुढे फक्त मधलं चाक.

चष्मा नुसता जवळच्या-लांबच्या नंबरचा असेल तर काढून बघितलं तरी चालतं. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर चष्मा ठेवा आणि डोळ्याजवळचे रबर दुमडा.

एवढं करूनही दोन तारे दिसत असतील तर आतला लोलक सरकलेला असतो, बहुधा दुर्बीण पडल्याने. दिवसा लांबच्या मनोऱ्याचं टोक बघून खात्री करा. घरी स्क्रू फिरवत बसू नका, ते दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. आणि दिवसा तपासताना सूर्य आसपास असेल अशा दिशेला दुर्बीण कधीही नको. क्षणभरानेही डोळा कायमचा जातो.

हात थरथरतो त्यावर साधा उपाय म्हणजे ताडपत्रीवर पाठीवर झोपायचं, कोपरं छातीच्या बाजूला टेकवायची. डोक्यावरचं आभाळ बघायला यापेक्षा चांगलं काही नाही.

जांभादगड

आता पश्चिमेचं. जांबोटी-गवाळी बाजूचा वज्रपोहा धबधबा म्हादईवर आहे. तो समोरच्या टेकडीवरूनच बघायचा असतो, पायथ्याशी उतरायच्या फंदात पडू नये. कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाटात सुर्लाकडचा धबधबाही दरीपलीकडून दिसतो. या पट्ट्यात वनखातं पावसाळ्यात धबधब्यांवर जायला बंदी घालतं. कुठली कधी उठते याची चौकशी खानापूरच्या वनखात्याच्या कचेरीत करूनच निघा. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. "गावकऱ्यांची वाट आहे" हे कारण बाहेरून आलेल्याला लागू होत नाही.

पायांत काय घालायचं? खोल खाचांचा मऊ रबरी तळ. तळ कडक प्लास्टिकचा असेल तर ओल्या काळ्या दगडावर तो घसरतोच. चामडी बूट भिजून जड होतात. जांभा खरखरीत असल्याने पाय धरतो, पण त्यावर काळपट-हिरवी बुळबुळीत साय चढली की तोही भरवशाचा नाही. उजळ कोरडा दगड आणि काळा चकचकीत दगड शेजारी असतील तर पाय नेहमी उजळावर. ऑक्टोबरात लोक इथेच फसतात. ऊन पडलेलं असतं, वाट कोरडी असते, आणि तुषार पडणारा शेवटचा पन्नास फुटांचा पट्टा मात्र जुलैइतकाच निसरडा असतो.

पाणी वाढण्याची लक्षणं: स्वच्छ पाण्याला एकदम चहाचा रंग येणं, काड्या-पाने वाहून येणं, आवाज जड होणं, आधी दिसणारा एखादा दगड बुडणं. यातलं एक जरी दिसलं तरी बॅगा आवरत बसायचं नाही, माणसं आधी वर काढायची. वर पठारावर कोसळलेला पाऊस खाली यायला वेळ लागतो, म्हणून तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी येतं. परतीचा पाऊस बहुतेक दुपारनंतरचा. सकाळी लवकर जाऊन दुपारी दोनच्या आत धबधबा उरकणं हे सगळ्यात चांगलं, चार ही शेवटची मर्यादा.

वडगावकर_व

ओढा ओलांडायची वेळ आली तर दोरी बांधावी का? काही ग्रुप कमरेला दोरी बांधून सोडतात.

जांभादगड

नको, अजिबात नको. वाहत्या पाण्यात माणसाला दोरी बांधली आणि पाय सुटला तर दोरी ताणली जाते आणि प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. पोहता येणाराही त्यातून सुटत नाही. शिवाय बाजारातली नायलॉनची दोरी ओली झाली की गाठ सुटत नाही.

पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि जोर असेल तर ओलांडायचंच नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे "मघाशी तर आलो याच वाटेने" हा अंदाज चुकतो. गुडघ्याखालचं पाणी असेल तर तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, हातात काठी, एका वेळी एकच पाय उचलायचा. पाठपिशवीचे पट्टे सोडलेले हवेत. बूट काढायचे नाहीत, अनवाणी पाय दगडांच्या फटीत अडकतो.

आणि डोहाबद्दल. धबधब्याच्या पायथ्याशी पांढरं फेसाळ पाणी असतं त्यात हवा मिसळलेली असते. असं पाणी अंगाला नीट तरंगवत नाही. वरून पडणारा झोत खाली ढकलतो आणि कड्याच्या आतल्या पोकळीकडे ओढतो. चांगले पोहणारेही तिथेच बुडतात. डोहात उतरणं हा या छंदाचा भाग नाही, असं मी तरी मानतो.

शहापूर_वैद्य

आरोग्याचं थोडं.

जळवा: ऑक्टोबर अखेरपर्यंत ओल्या पाचोळ्यात असतात. दाट विणीचे लांब मोजे पँटवरून गुडघ्यापर्यंत ओढून वर नाडी बांधा. मोज्यावर तंबाखूचं पाणी किंवा मीठ चोळलं तर पावसात ते धुऊन जातं, तासा-दीड तासाने पुन्हा लावा. चिकटलेली जळू नखाने किंवा एखाद्या कार्डाच्या कडेने तोंडाकडून सरकवून काढा. काडीने चटका देऊ नका, ती पोटातलं जखमेत ओकते. काढल्यावर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. घाबरू नका, साबणाने धुऊन पट्टी घट्ट बांधा.

साप: जांबोटी-चोर्ला बाजूला ओढ्याकाठच्या झुडपांवर हाताच्या उंचीवर मलबार चापडा वेटोळं करून बसलेला असतो. हिरवा, पिवळा, तपकिरी, कुठल्याही रंगात. आधारासाठी फांदी धरायच्या आधी ती बघा. गोकाक-सौंदत्तीच्या दगडाळ माळावर फुरसं आणि घोणस. रात्री तारे बघायच्या जागी दिवसाउजेडीच पोहोचून दगड, काटेरी झुडपं, बिळं बघून घ्या. लघवीला जातानाही बॅटरी आणि बूट. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. तो अवयव फळकुटाला बांधून स्थिर ठेवा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. फोन ११२ किंवा १०८. एक लक्षात असू द्या: आपल्याकडची नेहमीची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांवर बनते. चापड्यावर ती चालत नाही. तिथे डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात, तरी रुग्णालयातच जायचं.

माकडताप: शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्गात हा आजार आढळला आहे. रानातल्या गोचिडीमुळे होतो आणि हिवाळा-उन्हाळ्यात जास्त पसरतो. म्हणून रानाच्या कडेला पाचोळ्यावर आडवं पडून तारे बघू नका. ताडपत्री अंथरा, फिकट रंगाचे कपडे घाला, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून काखा, जांघा, कानामागे तपासा. त्यानंतर आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा. तेवढ्या माहितीवर तपासणीची दिशा बदलते.

घटप्रभाकाठ

रात्रीच्या जागेबद्दल माझा जांभादगड भाऊंशी थोडा मतभेद आहे. वसुबारशीपर्यंत पूर्वेचं आभाळ बरं असतं हे खरं. पण दिवाळी उशिरा आली की तोवर ऊसतोड सुरू झालेली असते. गोकाक, हुक्केरी, रायबाग भागात पाचट जाळतात, कारखान्यांचा धूर आणि दिवे असतात. क्षितिजापासून दोन मुठी उंचीपर्यंत आभाळ राखाडी दिसतं. शिवाय उसाच्या फडाच्या कडेला रात्री बसणं बिबट्यामुळे योग्य नाही. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर उसाचा पट्टा सोडून सौंदत्तीकडचे माळ बघावेत. मात्र यल्लम्मा डोंगराच्या अगदी जवळ नको, तिथे भाविकांची आणि गाड्यांची वर्दळ रात्रभर असते.

जांभादगड

मान्य आहे. त्यात एक भर घालतो. खानापूर तालुक्यात भातकापणी झाली की खळी तयार होतात. सारवलेलं, सपाट, चहूकडून उघडं खळं ही तारे बघायला उत्तम जागा. मालकाची परवानगी आधी घ्या. मळणीच्या रात्री ते राखण करतात, अंधारात अनोळखी माणसं दिसली की साहजिकच गोंधळ होतो. भाताच्या पेंढ्याजवळ काडी-सिगारेट नको.

शहराजवळ राजहंसगडाचा परिसर आहे. बेळगाव त्याच्या उत्तरेला येतं, त्यामुळे ध्रुवाची बाजू शहराच्या उजेडात जाते, दक्षिण त्यामानाने बरी. उलट महिपाळगड, देवरवाडीच्या वैजनाथाकडून बेळगावचा उजेड आग्नेयेला पडतो आणि वायव्य मोकळी मिळते. कुठला तारा बघायचाय त्यावर जागा ठरवावी.

नवखा_निपाणी

आता मुख्य गोष्ट. पहिल्या रात्री नेमकं काय आणि कुठल्या क्रमाने बघायचं? पुस्तकात सप्तर्षीपासून सुरू करा म्हणतात.

रोहिणीशकट

ऑक्टोबरच्या संध्याकाळी सप्तर्षी आपल्याकडे मावळलेले असतात. आपण १६ अक्षांशाच्या जरासे खाली आहोत. उत्तरेकडच्या देशांत सप्तर्षी कधीच मावळत नाहीत आणि बरीच पुस्तकं त्यांना धरून लिहिलेली असतात. ॲपमध्येही ठिकाण बेळगाव आहे ना ते आधी तपासा.

आधी हाताची मापं शिका. हात पूर्ण लांब करून: करंगळीची रुंदी १ अंश, मूठ १० अंश, वीत साधारण २० अंश. ध्रुवतारा आपल्या अक्षांशाएवढाच वर असतो, म्हणजे उत्तर क्षितिजापासून जेमतेम दीड मूठ. उत्तरेला टेकडी किंवा झाडी असेल तर तो दिसतच नाही. तो फार तेजस्वीही नाही.

वेळा ऑक्टोबर अखेरच्या धरून सांगतो.

साडेसात: आकाशगंगेपासून सुरुवात करा, कारण तिचा नैऋत्येकडचा जाड भाग आधी मावळतो. नैऋत्येला धनु रास, तिथून वर श्रवण तारा, मग हंस हा तारकासमूह, आणि ईशान्येला शर्मिष्ठा हा तारकासमूह असा तिचा पट्टा जातो. श्रवण, वायव्येचा अभिजित आणि हंसाचा तेजस्वी तारा यांचा मोठा त्रिकोण बनतो. दुर्बीण घेऊन धनूपासून हंसापर्यंत हळूहळू सरकत जा, जागोजाग ताऱ्यांचे पुंजके येतील. घाई करू नका, या पट्ट्याला अर्धा तास द्या.

साडेआठ ते साडेनऊ: डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन येतो, पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा. चौकोनाच्या आत तारे फार कमी, तीच त्याची खूण. चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातला तारा धरा. तिथून ईशान्येला साधारण दीड मुठीवर दुसरा ठळक तारा, वाटेत मध्यावर एक मंद. त्या ठळक ताऱ्यावरून काटकोनात शर्मिष्ठेच्या बाजूला वळा. चार अंशांवर एक मंद तारा, तेवढंच पुढे दुसरा मंद तारा. या दुसऱ्याच्या शेजारी करंगळीभर अंतरावर लांबट धुरकट डाग दिसेल. ती देवयानी दीर्घिका (गॅलेक्सी), सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी ही सगळ्यात लांबची गोष्ट म्हटली तरी चालेल. फोटोतले रंग आणि फिरकी दिसणार नाही, मधला उजळ भागच दिसतो. डागाकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा. डोळ्याच्या पडद्याचा कडेचा भाग मंद उजेड जास्त चांगला पकडतो.

त्यानंतर शर्मिष्ठा आणि ययाति या दोन तारकासमूहांच्या मध्ये दुर्बीण न्या, दोन तारकागुच्छ जवळजवळ दिसतात. तोवर पूर्वेला कृत्तिका चांगल्या वर आलेल्या असतात. डोळ्यांनी सहा-सात, दुर्बिणीत डझनांनी. त्यांच्याखाली नारिंगी रोहिणी. मृग साडेनऊनंतर उगवतो.

गुरू, शनी यांची जागा दर वर्षी बदलते, ती ॲपवर बघा. गुरूचे चार चंद्र १० पटीत दिसतात, मात्र दुर्बीण स्थिर हवी. शनीची कडी या दुर्बिणीत सुटी दिसणार नाही.

अनगोळची_सुमा

काचेवर दव आणि बुरशी, यावर कुणीच लिहिलं नाही. आपल्याकडे दुर्बिणी खराब होतात त्या याच कारणाने. धबधब्याच्या तुषारांत दुर्बीण काढायचीच नाही. रात्री खानापूरकडच्या भातखाचरांत दहाच्या पुढे दव इतकं पडतं की काच पांढरी होते. बघत नसाल तेव्हा झाकणं लावा, पुढच्या काचांभोवती काळ्या जाड कागदाची वीतभर नळी गुंडाळा. ओली काच सदऱ्याने पुसू नका, धुळीचे कण ओरखडे पाडतात. परत आल्यावर दुर्बीण पिशवीत बंद असतानाच खोलीत ठेवा आणि तासाभराने उघडा, म्हणजे गरम हवेचं दव गार काचेवर धरत नाही.

नंतर ती चामडी केसमध्ये ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल घालून ठेवा. नारंगी दाण्यांचं घ्या, ओल धरली की ते हिरवं होतं. ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा नारंगी. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात कधीच तापवू नका. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी, लगेच साफ करून घ्या. वर्ष गेलं की ती काचेवरचा लेप खाते आणि मग डाग जात नाही.

वडगावकर_व

बसने जाणाऱ्यांसाठी: जांबोटी-कणकुंबीच्या लाल बसची परतीची शेवटची वेळ सकाळीच कंडक्टरला विचारून घ्या. आत नेटवर्क नसतं. कुठे जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी कागदावर लिहून ठेवा. १ नोव्हेंबरला शहरात मिरवणुका आणि फेऱ्या असतात, रस्ते बंद होतात, तो दिवस टाळा. डब्यात भाकरी-चटणी, चिरमुरे, माणशी दोन लिटर पाणी. ओढ्याचं पाणी उकळल्याशिवाय नको.

विजेचंही सांगतो. चमक आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजा. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर उघडा माळ आणि एकटं झाड दोन्ही सोडून गाडीत किंवा पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. निघण्याआधी राज्य आपत्ती निरीक्षण केंद्राच्या वरुणमित्र मदतवाणीवर पावसाची विचारणा करता येते.

नवखा_निपाणी

शेवटचं एक विचारतो. पहाटेपर्यंत थांबलो तर जास्त काही मिळतं का?

रोहिणीशकट

मिळतं, पण त्यासाठी दिवस वेगळे. वद्य अष्टमी ते वसुबारस या दिवसांत संध्याकाळ अंधारी असते आणि पहाटे चंद्र वर असतो. पहाटेचा अंधार हवा तर भाऊबीजेनंतर कार्तिक शुक्ल दशमीपर्यंत जा, तेव्हा चंद्र पहाटेच्या आधीच मावळलेला असतो.

नोव्हेंबरच्या मध्याला पहाटे साडेचारला दक्षिणेला व्याध उंच आणि त्याच्या खाली क्षितिजापासून दोन मुठींवर अगस्ती दिसतो. ईशान्येला सप्तर्षी पूर्ण वर आलेले असतात, त्यांच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेष ध्रुवाकडे जाते. पूर्वेला मघा. उजाडायच्या आधी पूर्व क्षितिजावरून तिरका वर जाणारा मंद पांढरा सुळका दिसला तर तो राशिप्रकाश, सूर्याभोवतीच्या धुळीवर पडलेला उजेड. तो दिसायला पूर्वेला एकाही गावाचा उजेड नको. या कामाला राजहंसगडापेक्षा सौंदत्तीकडचा माळ धरा.